डाव्या मागच्या शॉकचं तेल

२ मार्च, सोमवार
आज गॅरेजमध्ये बाबांनी जाहीर केलं की त्यांची पाठ आता रेसच्या गाडीत बसू देत नाही, तेव्हा पंधरा तारखेला गाडी मी चालवायची. मी लगेच हो म्हटलं. घसा कोरडा पडला, पण गॅरेजमध्ये धूळ फार असते.
गेल्या हंगामात सरावात तिसऱ्या वळणावर गाडी उलटली. माझा संबंध इतकाच की मी आत होतो. दोष शॉक ॲब्सॉर्बरचा. मातीच्या ट्रॅकवर शॉक चुकला की देवही वाचवत नाही.
निश्चय: आधी शॉक, मग स्पीड.

४ मार्च, बुधवार
शॉकवाल्याकडे गेलो. वळणात गाडी काय करते, विचारलं त्याने. म्हटलं, नाक खाली घालते आणि मागून फिरायला बघते. तो म्हणाला, वळणात ॲक्सिलरेटरवरून पाय काढता का? पाय काढला की वजन पुढे येतं, मागची चाकं हलकी होतात, मग ती फिरणारच.
छे, म्हटलं. मी पाय काढत नाही. तो आपोआप वर येतो, आणि हे त्याला सांगण्यासारखं नव्हतं.
पुढच्या चाकांना कडक शॉक घेतले. माणूस चांगला आहे, चौकशा फार करतो.

८ मार्च, रविवार
सराव. ट्रॅकवर सकाळीच पाणी मारलेलं, माती ओली, पकड झकास. तरी गाडी अंगात आल्यासारखी थरथरत होती. माझे दात वाजत होते. ते इंजिन सुरू व्हायच्या आधीपासून वाजत होते, पण त्यांना पुढचं दिसत असावं.
तिसरं वळण आलं की पोटात गोळा येतो. नीट लक्ष दिलं. गोळा डावीकडून, जरा मागून येतो. म्हणजे डावा मागचा शॉक!
धाकटी बहीण घड्याळ लावून उभी होती. ती छोट्या गाड्यांच्या गटात चालवते, या गाडीला तिला अजून कोणी हात लावू दिलेला नाही. म्हणाली, दादा, गाडी थरथरत नाहीये, तुझा पाय थरथरतोय, इंजिनच्या आवाजात ऐकू येतं. मी तिला टायरमधली हवा बघायला पिटाळलं.

१० मार्च, मंगळवार
डावा मागचा मऊ केला. मग कडक. मग जेवून आल्यावर पुन्हा मऊ. शॉकच्या डोक्यावरचं बटण फिरवताना टिकटिक आवाज येतो, त्याने मनाला फार बरं वाटतं. गाडी उभी असताना सेटिंग अप्रतिम आहे.
बायकोची तक्रार: मी झोपेत उजवा पाय झटक्यात उचलतो आणि तिच्या अंगावरचं पांघरूण जातं. गादीच्या स्प्रिंगा एकदा बघायला हव्यात.

१२ मार्च, गुरुवार
कोण वाचणार आहे, लिहून टाकतो. मला भीती वाटते. शॉकचीच, पण खूप वाटते. छप्पर मातीवर घासत गेलं तो आवाज मिक्सर लावला तरी येतो. पट्ट्यांवर उलटा लटकलो होतो, तोंडात माती. बाबांचे बूट धावत येताना दिसले, तेही उलटे. त्यानंतर बाबा त्याबद्दल एक शब्द बोललेले नाहीत.
त्यांना सांगून मोकळं व्हायचं ठरवलं. गॅरेजमध्ये गेलो, तर एक हात कमरेवर ठेवून ते माझ्या मापाने सीट बसवत होते. मी विचारलं, पाना देऊ का?

१४ मार्च, शनिवार
निश्चय: उद्या तिसऱ्या वळणात पाय काढायचा नाही. पायाला तशी समज दिली आहे.

१५ मार्च, रविवार, सकाळ
अनर्थ. डाव्या मागच्या शॉकच्या दांड्यावर तेल! इंजिनमधून काढलेल्या जुन्या ऑइलचा डबा त्या वेळी माझ्याच हातात होता हे खरं, पण योगायोगापुढे कोणाचं चालतं? गळक्या शॉकवर उतरणं म्हणजे जिवाशी खेळ. बाबांना हाक मारली.

संध्याकाळ
बाबा कण्हत खाली बसले. तेलाला बोट लावलं, अंगठ्यावर चोळलं, नाकाशी नेलं. शॉकमधलं तेल पातळ असतं. हे दाट आणि काळं होतं. त्यांचा जन्म शॉक उघडण्यात गेला आहे. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी टायरकडे पाहिलं.
शॉकवाला शेजारीच उभा होता. बाबा त्याला ऐकू जाईल असं म्हणाले, गळतोय हा शॉक, पोराला मी यावर बसवणार नाही. मग फडक्याने दांडा स्वच्छ पुसला आणि धाकटीला म्हणाले, चल, बस.
शॉक बदलला नाही. गळक्या शॉकवर धाकटीला कसं पाठवलं, हे कोणी विचारलं नाही. मीही नाही.
मी डोळे मिटून कठड्याला धरून उभा होतो. तिच्यासाठी तर आणखीच भीती वाटली. तिसऱ्या वळणात इंजिनचा आवाज जराही तुटला नाही. ती चौथी आली. उतरून म्हणाली, दादा, शॉक मस्त लावलेस.
म्हणजे सेटिंग पहिल्यापासून बरोबर होतं.
घरी येताना बाबांनी ते काळं फडकं माझ्या हातात दिलं. म्हणाले, पुढच्या वेळी सरळ सांगत जा. मी विचारलं, शॉकबद्दल ना? ते म्हणाले, हो, शॉकबद्दल.