उशाकडची माती

औरंगाबाद,
ता. ९ नोव्हेंबर २००४

तीर्थस्वरूप सोनाजीदादास,
धाकट्या कस्तुराचा पाया पडून नमस्कार.

मी इथं बरी आहे. मेंढरं सध्या कुणाच्या रानात बसवलीत ते ठाऊक नाही, म्हणून पत्र फर्दापूरला पुंजाराम वाण्याच्या दुकानी टाकते आहे. अक्षरं मुद्दाम मोठी आणि सुटी काढलीत. तुझी चौथीपर्यंतची शाळा याला पुरेल. दुसऱ्या कुणाकडून वाचून घेऊ नकोस, पोरींकडूनही नाही.

वहिनीचा गुडघा कसा आहे? परवा शहागंजात घोंगडी पाहिली. हात लावला तर निम्मा धागा नकली! ठेवून दिली.

एक बातमी आहे. मातीत डोळ्यांना न दिसणारे जीवाणू असतात. त्यांतली एक जात मला सापडली, आजवर जगात कुणी न नोंदवलेली. बशीत वाढवली की टाचणीच्या डोक्याएवढा गुलाबी ठिपका दिसतो. ती काय खाते, किती मीठ सोसते, किती उष्णतेत तगते, हे तपासण्यात दीड वर्ष गेलं. आबा दोनशे मेंढरांत घुसलेलं परकं कोकरू नुसत्या चालीवरून काढायचे. माझं कामही तसंच, फक्त फार सावकाश. शेवटी पुण्याहून तपासणीचा निकाल आला. तिची जवळची म्हणावी ती जातही लांबचीच निघाली.

आता तिला नाव द्यायचं, जिवंत नमुने दोन देशांत जपायला पाठवायचे आणि माती कुठली ते छापायचं. इथंच गाडं अडलंय. आमचे बद्रीनाथ सर म्हणाले, "फर्दापूरजवळचं माळरान, एवढं लिही. कोण बघायला येतंय?" मी तसं लिहिलं आणि खोडलं.

दादा, ती माती आबांच्या उशाकडची आहे.

गेल्या वर्षाच्या सुरुवातीला आबा गेले तेव्हा एसटी चुकली, असं मी सांगितलं. एसटी चुकली नव्हती. निरोप सकाळीच मिळाला होता. पण माझ्या बशा दुसऱ्या दिवशी मोजायच्या होत्या, त्या सोडून निघवलं नाही. तुम्ही थांबाल असं वाटलं. तुम्ही थांबला नाहीत, बरोबरच केलंत. त्या बशांतून पुढं काहीच निघालं नाही.

तिसऱ्या दिवशी आले तेव्हा तू म्हणालास, "आता कशाला आली? मूठमाती द्यायची राह्यली व्हय? आता नाय देता येत." आवडाकाकू म्हणाली, "आसू दे रे. बसू दे तिला घटकाभर." तुम्ही गेल्यावर मी चमचाभर माती पिशवीत घातली. आपल्यात पुरल्या जागेची माती वर्षभर हलवत नाहीत, हे मला पक्कं ठाऊक होतं. सगळ्यांनी आबांना माती दिली आणि मी त्यांची घेऊन आले.

तेव्हा नव्या जातीचा विचारही मनात नव्हता. आबांपाशी काहीतरी जिवंत असावं, एवढंच हवं होतं. तिथं माझ्या डोळ्यांत टिपूस नव्हतं, म्हणून गावात बोललं गेलं. बशीत तो ठिपका दिसला त्या दिवशी मी प्रयोगशाळेत हमसून रडले.

जातीला आबांचं नाव द्यायचंय. बिरूचं लॅटिन वळणानं 'बिरूई' होतं. पण जागा खरी लिहीन, आणि तू हो म्हटल्याशिवाय काही पाठवणार नाही. पंधरा डिसेंबरपर्यंत थांबते.

नको म्हणालास तर वाद घालणार नाही. तिच्या जिवंत नमुन्यांच्या सगळ्या नळ्या वाफेच्या कुकरात घालून मारून टाकीन. वीस मिनिटांचं काम, आम्ही रोज करतो. फक्त त्या दिवशी तू इथं ये. झाकण लावताना मला तिथं एकटीला उभं राहवणार नाही.

अजून म्हणवत असेल तर,
तुझी बहीण
कस्तुरा