फिल्टर मीच बदलला

प्रिय धाकटे,

तुझ्या मामाने फोन करून तुला घाबरवलं आणि तू मला बोलूच देईनास, म्हणून हे लिहावं लागतंय. मी पडले नव्हते. चांगली शुद्धीवर होते, फक्त गाडीखाली होते. त्याला माझी पावलं तेवढी दिसली. बोंब ठोकायच्या आधी माणसाने एक हाक मारून बघावी, हे त्याला लहानपणापासून शिकवतेय. गाडी विकून टाक म्हणालीस, त्याचं उत्तर शेवटी देते.

तेल आणि फिल्टर बदलायला झाले होते. तुझे बाबा हे काम घरीच करत आणि मी बॅटरी धरून उभी असे. इतकी वर्षं उजेड धरला की काम आपोआप पाठ होतं. गाडी जॅकने उचलून नीट स्टँडवर घेतली, जुनं तेल घमेल्यात सोडलं. फिल्टर मात्र हटून बसला. शेजारी उभा राहून मामा, "ताई, उलटं फिरवतेयस," म्हणत होता. त्याला चहा टाकायला पिटाळलं, फिल्टरला पॉलिश पेपर गुंडाळून पिळला, तेव्हा कुठे सुटला. कोपरापर्यंत तेल. नव्याच्या रबरी रिंगेवर तेलाचं बोट फिरवलं, हाताने घट्ट बसवला, नवं तेल भरलं, इंजिन सुरू केलं आणि खालून धार लागली. बंद करून परत खाली शिरले, तेवढ्यात काम संपलं असं समजून मामा कप घेऊन बाहेर आला. पुढचं तुला माहीत आहे. चहाही सांडला.

जुन्या फिल्टरची रिंग इंजिनालाच चिकटून राहिली होती आणि तिच्यावर मी नवी चढवली होती. दोन रिंगा एकमेकींवर टिकत नाहीत, जशा एका स्वयंपाकघरात मी आणि तुझी आत्या. जुनी काढली, फिल्टर पुन्हा बसवला, कमी झालेलं तेल घातलं. गाडीखाली अंथरलेला पेपर सकाळी कोरडा ठणठणीत.

पण ती रिंग मला दिसली नव्हती, बोटाला लागली. भर दुपारी, बॅटरीच्या उजेडात. म्हणून डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. कडेचं आणि अंधारातलं दिसणं कमी होत चाललंय. गेलेलं परत येणार नाही, राहिलेलं औषधाने टिकेल. गाडी चालवणं बंद. रडत बसू नकोस, मीही बसले नाही. पेपर वाचता येतो, भाजी निवडता येते, तुझा मामा लांबूनही ओळखू येतो, त्याला इलाज नाही.

तू रोज दोन बस बदलून त्या दवाखान्यात नोकरीला जातेस. शेवटची बस चुकली की तिथल्याच बाकावर झोपतेस, हे तू लपवलंस तरी मला कळतं. गाडी तू घेऊन जा म्हटलं की, "मग तू काय चालवशील?" हे तुझं ठरलेलं उत्तर. ते आता चालायचं नाही. गाडी विकायची नाही, मामा ती रविवारी तुझ्याकडे आणतोय. मुकाट्याने ठेवून घे. आणि मला फिरवायला ये. शेजारच्या सीटवर गप्प बसायची सवय करायची आहे, ती एकटीला जमणार नाही.

तुझीच,
आई

मामाच्या हाती दिलं: गाडी, दोन्ही किल्ल्या, कागदपत्रं, नवा फिल्टर एक, बाबांचा पान्यांचा डबा. ड्रायव्हरच्या सीटवरची उशी तशीच ठेवली आहे. उंची तू माझीच घेतलीस.