फोटोचा डावा कोपरा

एटापल्ली,
१९ ऑगस्ट १९९८

प्रिय सईदाभाभी,

सलाम. घरी सगळे बरे असाल. कुणी बरं नसेल तर ते फारूकभाऊ असतील, आजार खोकला असेल आणि कारण विडी असेल, हे मी नाडी न पाहता इथूनच सांगते. तुमच्या आफ्रीनचा पुढचा दात पडला का? पडला की मला पाठवते म्हणाली होती.

तुमचं पत्र फार उशिरा हातात पडलं. नाल्याला पूर होता, बस आली नाही, पोस्टाची थैली आलापल्लीलाच अडकून राहिली. पण वाचून मी अशी हरखले की लस टोचून घ्यायला आलेल्या बाईनं विचारलं, "नर्सबाई, लगन ठरलं का तुमचं?" तुमच्या ऊर्जानगर वसाहतीच्या क्लबात गांधी जयंतीला फोटोंचं प्रदर्शन, त्यात माझा एक फोटो, आणि खाली छापील अक्षरांत नाव आणि 'परिचारिका'. ट्रेनिंगला असताना तुमच्या न्हाणीघरात लाल बल्ब लावून तुम्ही मला फोटो धुवायला शिकवलं, तेव्हा ही पोरगी औषधाचं पाणी सांडण्यापलीकडे काही करील असं तुम्हालाही वाटलं नसेल.

सोबत दोन रोल पाठवते. दोन्ही ब्लॅक अँड व्हाइट.

पहिला रोजच्या फिरण्यातला, उन्हाळ्यापासून कॅमेऱ्यात अडकलेला. मी सायकलवर गावं फिरते तेव्हा कॅरिअरला लसीचा डबा आणि गळ्यात तुमचा जुना कॅमेरा असतो. पोरं दोन्हीला सारखीच रडतात. त्यात मोहफुलं वेचणाऱ्या बाया आहेत, विजेच्या खांबाला बांधलेली गाय आहे (खांब आले, तार यायची आहे, तोवर गाईची सोय झाली), आणि एक फोटो खांद्यांचा आहे. अडलेल्या बाईला खाटेवर घालून चौघांनी नाला पार केला होता. मी कॅमेरा डोळ्याला लावला आणि तसाच खाली घेतला. आधी बाई पाहिली. बाळ रडल्यावर बाहेर येऊन त्या चौघांचे खांदे काढले, खाटेच्या बांबूनं सोलून निघालेले. त्यातला एक नवरा होता, बाकी तिघं नात्याचेही नव्हते. असं काही पाहिलं की दिवसभर कुणावर रागवावंसं वाटत नाही.

प्रदर्शनाला मोहफुलांचा फोटो लावा. छान आहे, कुणाला त्याचा त्रास नाही.

दुसरा रोल मात्र तुम्ही स्वतः धुवा. फारूकभाऊंना दाखवू नका. बायांचं काम आहे.

आमच्या माडिया गावांत पाळीच्या बाईनं घरात राहायचं नसतं. गावाच्या कडेला एक झोपडी असते, तिला कुर्मा म्हणतात. त्या दिवसांत तिथलं वेगळं, बिनकाठाचं लुगडं नेसून तिथं बसायचं, घरचं कुणी जेवण आणून बाहेर ठेवतं. मी भाताच्या रोवणीसाठी गावी गेले होते. माझ्या भावाची, सुकलूची, मुलगी चिन्नी पहिल्यांदाच कुर्म्यात बसली, म्हणून माझं तिकडे जाणं झालं. पाऊस बाहेर जेवढा, तेवढाच आत. चिन्नी कोपरे बदलून बदलून थकली होती.

छप्पर कित्येक वर्षांत कुणी शाकारलं नव्हतं. कसं शाकारणार? पुरुष कुर्म्याला हात लावत नाही. आणि बाईनं कोणत्याच छपरावर चढायचं नाही, असा आमच्याकडे नेम. म्हणजे ज्यानं चढायचं तो शिवत नाही, आणि जी शिवते तिनं चढायचं नाही. तुम्हीच सांगा, असं छप्पर गळणार नाही तर काय करील?

माझी सुकरीआत्या, बापाची मोठी बहीण, चिन्नीचं जेवण घेऊन आली. तिचे ते दिवस कधीच संपले, त्यामुळे डबा पोचवायचं काम तिचं. दगडावर बसली आणि आम्हा दोघींकडे बघत राहिली. मी आधीच चिडलेली. (आम्ही आमच्या बोलीत बोललो, तुमच्यासाठी मराठीत लिहिते.) मी म्हटलं, "आता काय छप्पर आपल्या पायानं खाली येईल, बरं होईल अन् वर जाऊन बसंल?"

आत्यानं तोंडातलं पान गालात सारलं. मग म्हणाली, "काऊन नाई?"

भाभी, दुसऱ्या दिवशीपासून त्या बायांनी जे केलं ते मला अजून खरं वाटत नाही. सकाळी रोवणी, दुपारनंतर बांबू. कुर्म्याच्या समोर जमिनीवरच बांबूचा सांगाडा बांधला, त्यावर सागाची पानं अंथरली, वरून तनीस, म्हणजे भाताचा पेंढा. कुणालाही चढावं लागलं नाही, छप्परच पायाशी बसलेलं होतं. जुनं आतून ढोसून खाली पाडलं. आणि शेवटच्या दिवशी वीस-बावीस बाया त्या नव्या छपराच्या कडेला धरून उभ्या राहिल्या, आत्यानं हाळी दिली, आणि अख्खं छप्पर उठलं. डोक्यावर, हातावर, एकमेकींना शिव्या घालत, हसत, चिखलात पाय रोवत त्यांनी ते खांबांवर नेऊन ठेवलं.

पोचू पाटील लांबून बघत होता. शेवटी त्यानं ओरडून विचारलं, "छपरावर कोनी चढली का?"

"नाई पाटील," आत्या म्हणाली, "आमी कोनी छपरावर नाई. छप्पर आमच्या डोक्यावर हाय."

पाटलानं बराच विचार केला, पण चूक सापडेना, तेव्हा तो बैल बघायला निघून गेला. कुर्म्याला हात लागल्यामुळे सगळ्या बायांना आंघोळ करूनच घरी जाणं भाग होतं. त्या नाल्यावर गेल्या आणि बराच वेळ परत आल्याच नाहीत. त्या दिवशी गावात चुली पुरुषांनी पेटवल्या. भात कुणाचा कच्चा, कुणाचा करपलेला.

रोलमधला शेवटचा फोटो तो आहे, छप्पर उचललेलं. कॅमेरा वारुळावर गमछा ठेवून त्यावर ठेवला होता आणि तो घरघर करणारा खटका दाबला होता, त्यामुळे फोटो जरा वाकडा असेल. एकच प्रत काढा, माझ्यासाठी. डाव्या कोपऱ्यात उगाच गर्दी झाली आहे, तेवढा भाग कापून टाका.

मोहफुलांचंच नक्की करा.

तुमची,
रंजीता


एटापल्ली,
१३ सप्टेंबर १९९८

प्रिय भाभी,

सलाम. आफ्रीनचा दात पोचला. कापसात गुंडाळून औषधाच्या कपाटात ठेवला आहे. आमच्या डॉक्टरांनी विचारलं, हा कोणाचा? मी म्हटलं, माझ्या मालकिणीचा.

तुम्ही माझं एक काही ऐकलं नाही. कोपरा कापला नाही, आणि वर लिहिता की कात्री हातात घेतली पण त्या कोपऱ्यातली बाई तेवढी एकटी तोंड भरून हसून राहिली आहे, तिला कशी कापू. आणि मग एवढंच विचारलंत: "रंजी, फोटो काढणारी त्या छपराखाली काय करत होती? आणि तुझ्या अंगावर चिन्नीसारखंच कुर्म्यातलं लुगडं काऊन?"

फोटो धुणाऱ्यांपासून काही लपत नाही. तर ऐका.

मी तिथं फोटो काढायला गेले नव्हते. मी कुर्म्यात बसले होते. पाच दिवस.

आठ वर्षं मी गावी जायचे ते तारखा बघून. लग्न असो, सण असो, माझे दिवस जवळ आले की मला ड्युटी निघायची. गावात माझी अशी ख्याती झाली होती की नर्सबाईले पाळीच येत नाई, गोळी खाते. मीही हसून घ्यायचे. तालुक्याच्या मीटिंगमध्ये उठून बोलायचे, कुर्मा बंद झाला पाहिजे, बायांच्या जिवाशी खेळ आहे. मागच्या वर्षी त्या भाषणाला टाळ्या पडल्या. जिल्ह्याच्या मोठ्या मॅडमनी माझं नाव लिहून घेतलं. त्या मॅडमचं घर ऊर्जानगरातच आहे, भाभी, सुट्टीला त्या तिथंच असतात. प्रदर्शनाला येणारच.

या वेळी तारीख चुकली. त्या सकाळीच माझी आली. कुणाला सांगितलं नाही. पिशवीत कापूस होता, आणि गुडघाभर चिखलात उभं राहून रोवणी करणाऱ्या बाईकडे कोण बघतं? निभलं असतं. पण दुपारी वहिनी चिन्नीला घेऊन बांधावर आली. पोरगी पांढरीफटक. पहिलीच वेळ, आणि त्या आठवड्यात कुर्म्यात दुसरं कुणीच नव्हतं. तिनं चटई उराशी धरली होती आणि एवढंच म्हणत होती, "मी एकटी नाई राहात."

वहिनी माझ्याकडे बघत नव्हती. मुद्दाम बघत नव्हती, तेवढं मला कळलं. आणि माझ्या तोंडून निघून गेलं, सगळ्यांसमोर, "मी हाओ ना. मलेही बसाचं आहे."

रोवणीच्या सगळ्या बाया थांबल्या. मला वाटलं आता हसतील, आता म्हणतील, अव नर्सबाई, तुमचं भाषण कुठी गेलं? पण सुकरीआत्यानं माझ्या हातातली रोपांची जुडी घेतली आणि म्हणाली, "जा. भात मी आनतो तुमच्या दोघींचा."

आत बसून मला काय वाटलं ते विचाराल. राग आला. पाणी गळत होतं, कोपऱ्यात विंचू निघाला, आणि लघवीला जायचं तरी चिखल तुडवत. मी आजही मीटिंगमध्ये तेच म्हणीन की कुर्मा नसावा. पण असेपर्यंत तो गळू नये, एवढंही आम्ही आठ वर्षांच्या भाषणांत कधी केलं नव्हतं. ते त्या बायांनी चार दुपारांत केलं, आणि कोणाशी भांडण न करता केलं. जुनं छप्पर आतून ढोसून पाडणाऱ्या म्हणजे मी आणि चिन्नी. सगळा कचरा आमच्या डोक्यावर आला आणि ती पोरगी पहिल्यांदा हसली.

छप्पर उचलायच्या वेळी मी कॅमेरा लावून बाजूला उभी होते. आत्या छपराखालून ओरडली, "अव रंजी, आमचे हात तुटून राह्यले अन् तू तमाशा पाहून राह्यली? ये इकडं." म्हणून तो घरघर करून थोड्या वेळानं आपोआप फोटो काढणारा खटका दाबला आणि धावले. डावा कोपरा रिकामा होता. मी शिरले आणि वजन अंगावर आलं, आणि हसू का आलं ते मलाही माहीत नाही. इतकं खरं मी कधी हसले असेन असं आठवत नाही.

तरी घरी आल्यावर मी तुम्हाला तसं पत्र लिहिलं. गावासमोर बसायला मला लाज वाटली नाही. तुमच्यासमोर वाटली. क्लबात लोक फोटोसमोर उभे राहतील, खाली वाचतील 'परिचारिका', आणि मॅडम म्हणतील, ही तर तीच. म्हणून मोहफुलं. म्हणून फारूकभाऊंना दाखवू नका. ती अट बायांची नव्हती, माझी होती.

तुम्ही पाठवलेली प्रत घेऊन मागच्या रविवारी गावी गेले. बायांना विचारल्याशिवाय काही ठरवायचं नव्हतं. भाभी, तो फोटो हातोहात फिरला. छपराच्या कडेखाली निम्म्यांचे चेहरे लपले आहेत, तर प्रत्येक बाई आपले पाय शोधत होती. हे माझे, अव नाई, ते माझे, माझे जोडवे दिसत नाई का? आत्याचा तर चेहराच नाही. एक हात आणि चिखलातले दोन पाय. तिनं बोट ठेवलं आणि म्हणाली, "हे मी."  तिचा उभ्या जन्मातला पहिला फोटो तो.

मी विचारलं, "हा शहरात भिंतीवर लावाचा म्हनतात. पुरुष पाहतील. चालंल?"

"मंग कोन पाहील?" आत्या म्हणाली. "आमाले तं माहीतच हाय."

चिन्नी माझ्या खांद्यावरून डोकावत होती. तिनं डाव्या कोपऱ्याकडे बोट केलं आणि शेजारच्या पोरीला सांगितलं, "हे माझी आत्या. माझ्यासंगं बसली होती." तिच्या आवाजात असा दिमाख होता, भाभी, की जिल्ह्याच्या मॅडमनी नाव लिहून घेतलं तेव्हा माझ्याही आवाजात नव्हता. मला रडू आलं. पाऊस नव्हता, म्हणून सगळ्यांना दिसलं.

तर मोहफुलं राहू द्या. हाच लावा, मोठा करून, क्लबाच्या भिंतीवर असेल तेवढा. फारूकभाऊंना दाखवा. त्यांनी चौकट करून द्यावी, सागाची, हे माझ्याकडून सांगा. आणि त्यांना हेही सांगा की त्यांच्या घरचा कॅमेरा पाच दिवस कुर्म्यात होता. परत हवा असेल तर आधी आंघोळ घालून पाठवीन.

खाली सुकरीचं नाव आधी लिहा, मग बाकीच्यांची. सोबतच्या कागदावर त्यांनी सांगितली तशी मी उतरवली आहेत. शेवटी माझं, आणि पुढे 'परिचारिका' तसंच राहू द्या. मॅडमनी विचारलं तर सांगा, हो, तीच आहे.

कापू मात्र काहीच नका.

तुमची,
डाव्या कोपऱ्यातली
रंजीता