तंबूतली अठरा इंचांची खाट

४ नोव्हेंबर

ती. मामास,

सा. न. वि. वि. इकडे सगळे ठणठणीत, फक्त माझं डोकं सोडून.

बाबांनी यंदाही तळ्यावर जाणार नाही असं जाहीर केलंय. गुडघ्याच्या ऑपरेशनमुळे गेलं वर्ष हुकलं, ते समजू शकते. पण सव्वीस वर्षं या माणसाने डिसेंबरात तळ्याकाठी तंबू ठोकून बदकं मोजली. शाळेत भूगोल शिकवायचे तेव्हा रजा टाकून जायचे! आता पक्षी मोजणाऱ्या संस्थेचं पत्र आलंय की सलग दुसऱ्या वर्षी नोंद आली नाही, तर ते तळं यादीतून गळेल. पत्र मीच वाचून दाखवलं, कारण चष्मा नेहमीसारखा सापडत नव्हता. ऐकून म्हणाले, गळू दे.

मामा, तुला सांगते, ‘गळू दे’ म्हणणारा माणूस माझा बाप नाही. मोजणी वीस डिसेंबरची. पक्षी उजाडताच पाण्यावरून उठतात आणि सगळ्यांत जवळची लॉज दोन तासांवर, म्हणजे तंबूत राहण्यावाचून इलाज नाही. जमिनीवर बसलं की गुडघा उठू देत नाही, हे त्यांचं कारण. दुकानातल्या कॅम्पिंगच्या खुर्च्या बघून आले, इतक्या बुटक्या की मीच एकीत अडकले आणि विक्रेत्याने हात देऊन काढलं. आई म्हणते, नाद सोड. मामा, तू जन्मभर लोकांचे सोफे आणि गाद्या केल्यास. गुडघा न वाकणाऱ्या माणसाला तंबूत घरच्यासारखं कसं झोपवायचं, ते सांग.

लोभ असू दे, आणि उत्तर त्याहून लवकर असू दे.

तुझी चौकशीबाई

९ नोव्हेंबर

चि. चौकशीबाईस,

अनेक आशीर्वाद. पत्र वाचलं आणि हातातला सोफा तसाच उघडा टाकून लिहायला बसलोय, गिऱ्हाईक बोंबलेल ते बोंबलेल.

सगळ्यांत आधी एक ऐक. भाऊजींना काहीही विचारायचं नाही. मास्तर माणसाला विचारलं की तो उत्तर देतो, आणि एकदा दिलेलं उत्तर बदलणं त्याला कमीपणाचं वाटतं. आपण मुकाट मापं घ्यायची. घरातल्या ज्या खुर्चीतून ते कोणाच्या हाताशिवाय उठतात, तिची उंची मोज. खाट तेवढीच करू, सूतभरही कमी नाही.

थंडी वरून पडते असं वाटून लोक अंगावर तीन-तीन ब्लँकेटं घेतात आणि तरी कुडकुडतात. ती खालून येते गं! खाटेवर पडलं की गादी दबते आणि पाठीला गार वारा लागतो. म्हणून अंगावर एकच जाड ब्लँकेट आणि पाठीखाली दोन थर. सकाळचे कपडे पांघरुणात पायाशी ठेवायचे, म्हणजे घालताना गार लागत नाहीत. कपाळाला बांधायची बॅटरी असते ना, ती पाण्याने भरलेल्या पांढऱ्या कॅनला उलटी बांध, उजेड कॅनकडे तोंड करून. सगळा तंबू मऊसूत उजळतो, डोळ्यांवर येत नाही.

पण खरी गोम वेगळी आहे. रात्री उठायचं झालं तर? उकिडवं बसता येत नाही, आणि मुलीला हाक मारतील तर ते भाऊजी कसले. हे ते जन्मात बोलणार नाहीत. त्याचं मी बघतो. तू फक्त संडासातल्या सीटची उंचीसुद्धा मोजून कळव. ताईला नमस्कार.

माया आहेच, मापं मात्र अचूक पाठव.

तुझा मामा

१८ नोव्हेंबर

ती. मामास,

सा. न. वि. वि. खुर्ची अठरा इंच, सीट साडेसतरा. दुसरं माप घेताना मी पकडली गेले! टेप घेऊन गुडघ्यांवर बसले होते आणि दारात बाबा. काय चाललंय विचारलं. मी म्हटलं, प्लंबरला द्यायचंय. जेवताना बाबा आईला म्हणाले की आपल्या मुलीला शीतगृहातल्या नोकरीने काहीतरी केलंय.

केलंय ते खरंच. कामावरून तीन थर्मामीटर आणले आणि गच्चीत तुझं म्हणणं तपासलं. गरम पाण्याच्या तीन सारख्या बाटल्या सारख्याच टॉवेलात गुंडाळल्या. एक उघड्या फरशीवर, एक वर्तमानपत्रांच्या थरावर, एक वर्तमानपत्रं अधिक फोमवर. पाच तासांनी फरशीवरची एकोणीस अंश, दुसरी सव्वीस, तिसरी एकतीस! मी गच्चीत एकटीच टाळ्या वाजवल्या. नंतर तेच कागद चुरगाळून घातले तर आणखी दोन अंश वाचले. असं का? आत अडकलेली हवाच काम करते की काय? मग आपण कागद घालतो की हवा घालतो? शीतगृहाच्या भिंतीत आठ इंच फोम आहे, त्याच्याशेजारी आठ वर्षं बसून हे कधी सुचलं नाही याची लाज वाटली.

एक अडचण आहे. तंबूचे दोर अंधारात दिसत नाहीत, त्यांना अडखळून बाबा गुडघ्यावर पडले तर सगळंच संपलं. त्यावर काय करायचं?

आशीर्वाद आणि फोम दोन्ही पाठव.

तुझी चौकशीबाई

२५ नोव्हेंबर

चि. चौकशीबाईस,

अनेक आशीर्वाद. हवाच गं बाई, हवाच. मी तीस वर्षं लोकांना गादीच्या नावाखाली हवा विकतोय, कुठे बोलू नकोस.

ट्रान्सपोर्टने गठ्ठा पाठवलाय. त्यात कॅनव्हासची खाट आहे, पाय अठरा इंच, खाली रुंद लाकडी चकत्या लावल्यात म्हणजे मातीत रुतणार नाही. जुन्या हातांच्या खुर्चीची बैठक कापून गोल भोक पाडलंय आणि कडेला फोम भरून रेक्झिन चढवलंय. खाली झाकणाची बादली ठेवायची, बादलीत लाकडाचा भुसा. भोवती पडद्याचं कापड चार बांबूंवर. शिवताना शेजारच्या दुकानदाराने काय आहे विचारलं, तर सांगितलं सिंहासन.

दोरांना पांढऱ्या चिंध्या बांध. आणि खाटेपासून त्या खुर्चीपर्यंत कमरेच्या उंचीवर एक जाड दोर ताण, हातभर अंतरावर अकरा गाठी मारून. हात लावून चालायचं, अकरावी गाठ आली की पोचलो. उजेड नको, हाक नको.

घाई करू नकोस. आधी गच्चीत सगळं मांड, त्यांना नुसतं बघू दे.

कळावे. प्रेम खाटेइतकंच भक्कम आहे.

तुझा मामा

७ डिसेंबर

ती. मामास,

सा. न. वि. वि. रविवारी गच्चीत तंबू ठोकला. बाबा वर आले, चपला काढल्या आणि तपासणी सुरू केली. खाटेवर आडवे झाले, एकटेच उठले, परत झोपले, परत उठले. दोर धरून डोळे मिटून चालले आणि अकराव्या गाठीशी बरोबर थांबले. खुर्चीवर बसून रेक्झिनच्या शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले की मेहुण्याचा हात अजून चांगला चालतो. मामा, त्यांच्या तोंडून कौतुक! मला वाटलं जिंकलो.

मग म्हणाले, व्यवस्थित घडी घालून ठेव, दुसऱ्या कोणाच्या तरी उपयोगी पडेल. आणि खाली निघून गेले.

दुसऱ्या दिवशी शीतगृहात बटाट्यांच्या पोत्यांमागे उभी राहून रडले मी. खाट झाली, उजेड झाला, ऊब झाली, कोणाला हाक मारावी लागणार नाही याची सोय झाली. तेरा दिवस उरलेत. काय राहिलं रे आपलं? कुठलं माप चुकलं?

तुझी माया आहे म्हणून एवढं लिहिलं.

चौकशीबाई

११ डिसेंबर

चि. चौकशीबाईस,

आशीर्वाद. लहान पत्र लिहितोय, टपाल निघायचंय.

चूक माझी. न विचारता मापं घे, हे मीच तुला शिकवलं. उठायला त्रास होणारा माणूस दोन-दोनदा एकटा उठून दाखवत नाही, म्हणजे आता कारण गुडघ्याचं नाही. जे आहे ते टेपने मोजता येणार नाही. तुझं नाव चौकशीबाई आहे ना? मग सरळ समोर बस आणि चौकशी कर. उत्तर काहीही आलं तरी भांडायचं नाही.

तू आमची शहाणी आहेस, तशीच राहा.

मामा

२३ डिसेंबर

प्रिय मेहुणेबुवा,

स. न. वि. वि. तुमच्या भाचीने तुम्हाला पत्र लिहायला घेतलं होतं, ते मी थांबवलं. हे मलाच लिहायला हवं. अक्षर मोठं आणि वाकडं आहे, त्याचं कारण पुढे येईल.

बारा दिवसांपूर्वी, म्हणजे तुमचं पत्र वाटेत असतानाच, ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तंबूत आणखी काय कमी आहे ते विचारलं. मी म्हटलं, काही नाही. तिने मग विचारलं, तर का नाही येणार? तुम्ही दोघांनी माझं एकही कारण शिल्लक ठेवलं नव्हतं हो. एक गुडघा होता हाताशी, तोही काढून घेतलात. म्हणून खरं सांगितलं. मला दिसत नाही. दोन वर्षं झाली, पलीकडच्या काठावरचा थवा मला नुसता राखाडी डाग दिसतो. ऑपरेशनच्या आदल्या वर्षी मी मोजलंच नाही. साधारण असतील तेवढे असतील म्हणून मोजणीच्या वहीत नऊशे ऐंशी लिहिलं आणि सही ठोकली. दुसऱ्याचा नकाशा बघून काढणाऱ्या पोरांना मी शून्य दिलंय, मेहुणेबुवा. त्या वहीसमोर पुन्हा बसायची माझी हिंमत नव्हती. तळं गळालं असतं तर माझी चोरीही गळाली असती, असा माझा नीच हिशेब.

ती रागावेल असं वाटलं होतं. तिने उलट विचारलं की थवा मोजतात कसा. मी सांगितलं, आधी दहा मोजायचे, दहांना किती जागा लागते ते डोळ्यांत धरायचं, मग तेवढ्या जागा मोजत जायचं. पोहणारे दाट आणि चरणारे विरळ असतात, त्यांची जागा वेगळी धरायची. मग सुरू झालं तिचं, का आणि कसं आणि उडाले तर काय. मी शिकवत बसलो. फार दिवसांनी कोणाला तरी काही शिकवलं.

आम्ही गेलो. तुमच्या खाटेवर मला घरच्यापेक्षा चांगली झोप लागली, हे तुमच्या ताईला सांगू नका. उजाडता उजाडता तिने दुर्बीण लावली आणि मी शेजारी बसून आवाजावरून जात सांगत गेलो, कान अजून शाबूत आहेत. तिने तीन वेळा मोजलं. सहाशे बारा, सहाशे चाळीस, सहाशे सव्वीस. चेहरा पडला तिचा. माझा आकडा खोटा हे क्षणभर विसरून, नऊशे ऐंशींवरून एवढे कमी कसे झाले, काय झालं असेल पक्ष्यांना, असं विचारायला लागली. आणि मला कळलं की माझी थाप वाचून उद्या कोणीतरी असंच घाबरेल, आणि न घडलेल्या गोष्टीचं कारण शोधत तळ्याकाठी फिरेल.

वही तिथेच मागून घेतली. तिने बोट ठेवून ओळ दाखवली. नऊशे ऐंशीवर रेघ मारली आणि शेजारी लिहिलं, ‘मोजले नाहीत. दिसत नव्हते.’ खाली सही केली. संस्थेलाही तसंच कळवलंय. मंगळवारी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जातोय, तीच नेणार आहे.

मग तिने यंदाचे तिन्ही आकडे लिहिले आणि मोजणाऱ्याच्या रकान्यात आम्हा दोघांची नावं, माझं वर. मी तिला ते खोडायला लावलं. वर तिचं एकटीचं लिहून घेतलं, आणि माझ्यासाठी शेजारी, ‘आवाज ऐकले’.

आपला लोभ होता तसाच असावा. माझी मापं मात्र यापुढे मलाच विचारून घ्यावीत.

तुमचा,
मास्तर