मीटरची लाल तार

रेणापूर, ९ मार्च २०२५

चि. संगमेश्वर यास,
अनेक आशीर्वाद. धुरानं घसा बसलाय, फोनवर आवाज निघंना, म्हणून हा कागद एसटीच्या वाहकाजवळ देतेय. घाबरू नकोस, सगळे जिवंत आहोत.

परवा सासूबाईंना डोळे दाखवायला आपल्या गाडीतून लातूरला नेत होते. बॅटरी सारखी उतरते म्हणून तू डॅशबोर्डवर जो करंट मोजायचा डिजिटल ॲमीटर बसवलास, त्याच्याकडं बघून त्या विचारत होत्या, ह्यात गाणी लागत्यात का. तेवढ्यात मीटरवरचे आकडे गेले आणि खालून धूर निघाला. चावी बंद केली तरी थांबंना! मी धावत त्यांच्या बाजूला गेले, तर सीटचा पट्टा सुटंना. त्या म्हणाल्या, तू हो बाजूला, माझं वय झालंय. मी त्यांच्यावर ओरडले, जन्मात पहिल्यांदा. शेवटी एका ट्रॅक्टरवाल्यानं विळ्यानं पट्टा कापला, बॅटरीची तार उपटली. सासूबाईंच्या पायाला पोळलंय.

चावी बंद असताना गाडी जळतेच कशी? राग नाही, पण उत्तर पाहिजे.

तुझी अक्का,
रत्नम्मा

नांदेड, १२ मार्च

ती. अक्कास,
शि. सा. नमस्कार. पत्र माझ्या वायरिंगच्या दुकानात वाचलं. चूक माझी हाय. मीटरला लागणारी लाल तार मी थेट बॅटरीवरून घेतली. चावी फिरवल्यावरच करंट येतो तिथून घ्यायची आणि सुरुवातीलाच छोटा फ्यूज टाकायचा, हे मीच लोकांना सांगतो. त्या दिवशी फ्यूज संपले होते, तू घाईत होतीस. म्हटलं एवढुशा मीटरला काय होतंय. तार पत्र्याला घासून उघडी पडली, आणि करंट अडवायला मधे काहीच नव्हतं.

अक्का, त्याच आठवड्यात आणखी दोन गाड्या तशाच जोडल्या होत्या. इथली एक लगेच बोलावून नीट केली. दुसरी चाकूरच्या अमरनाथची. त्याचा फोन लागंना, म्हणून पहिली एसटी धरली. गाडी लग्नाला निघालेली, मागं त्याची बायको, मांडीवर तान्हं लेकरू. बॉनेट उघडलं तर तारेचं तांबं दिसत होतं, पत्र्यापासून नखभर लांब. तार तिथंच तोडली. त्यांना सगळं खरं सांगितलं. अमरनाथ लेकरू उचलून घरात घेऊन गेला.

तुझ्या सासूबाईंसमोर कोणत्या तोंडानं येऊ? जमलं तर पहिल्यासारखा जीव लाव.

तुझा भाऊ,
संगमेश्वर

रेणापूर, १५ मार्च

चि. संगमेश्वर यास,
आशीर्वाद. राग नाही असं लिहिलं होतं, ते खोटं होतं. चाकूरचं वाचून मात्र रडू आलं.

सासूबाई म्हणतात, त्याला जेवायलाच बोलव. पुढच्या रविवारी ये, फ्यूज घेऊन. माझ्यासमोर एकेक तार जोड, काय करतोस ते मला समजावून सांग. इथला मिस्त्री गाडी नीट करू का म्हणून स्वतःहून विचारायला आला होता, मी नाही म्हटलं. तू आता भ्यालास ना, म्हणूनच गाडी तुझ्याच हाती देतेय.

वाट बघणारी,
अक्का