खिडकीवरची कुंभारीण

२ सप्टेंबर १९९६
आज परसात पाहुणी आली — कुंभारीण माशी! काळी-पिवळी, कंबर एवढीशी की माझी मलाच लाज वाटली. आत्याबाईंच्या खोलीच्या खिडकीच्या चौकटीवर नळाखालचा चिखल आणून थापतेय. मी भांडी टाकून बघत बसले.
"प्रीती, भांडी काय ती कुंभारीण घासणार हाय?" — आत्याबाई म्हटलं तरी सासूबाई त्या सासूबाईच!

४ सप्टेंबर
मडकं झालं! चक्क गळ्यासकट. पेरूवर बुलबुल कडाकडा भांडतायत, पण आज त्यांच्याकडे बघायला सवड कुणाला?

५ सप्टेंबर
झालं! सकाळी जळमटं काढत होते. शेजारच्या धोंडुबाई कुंपणावरून ओरडल्या, "आगं, हात लावू नगंस! कुंभारणीनं घर केलंय, आता तुमच्यात पाळणा हलतोय बघ!" आत्याबाईंनी माझ्या हातातला झाडूच काढून घेतला.
लग्नाला तीन वर्षं झाली. दिवाळीनंतर मला मिरजेला डॉक्टरांकडे न्यायचं ठरलंय. आता सगळे माझ्या पोटाकडे बघतायत. मामंजीसुद्धा! हे म्हणाले, "माशीवर कसला विश्वास ठेवता?" आणि स्वतः दोनदा खिडकी बघून आले.
मलाही हवंय गं बाई. खूप हवंय.

९ सप्टेंबर
कुंभारणीने लिंबावरची हिरवी अळी आणून मडक्यात कोंबली. जिवंत! मग अजून एक. पिल्लाची शिदोरी म्हणे. मग तोंड लिंपून टाकलं.
आमच्याकडे कांदा घरात येत नाही, मुंगी चिरडली तर आत्याबाई दिवसभर हळहळतात. मी मुद्दाम जाऊन सांगितलं. त्यांनी एकदा खिडकीकडे पाहिलं. मग म्हणाल्या, "तिचं कर्म तिच्यापाशी. तू झाडू लांब ठेव." हसू आवरेना!

१५ सप्टेंबर
चार दिवस वर झालेत. कुणाला बोलले नाही.

२१ सप्टेंबर
नाही. आली पाळी.
बाजूला बसले, म्हणजे घरभर कळलंच. त्यात आम्हा जैनांचं दशलक्षण पर्व चालू — मंदिरही नाही. मागच्या पडवीत बसायचं आणि समोर ते मडकं! असा राग आला. झाडू उचललाही होता. मग ठेवला. तिने बिचारीने काय केलंय? खूप रडले.
आत्याबाईंनी लांबूनच ताट सरकवलं. टोमणा नाही, काही नाही. त्यांचा उपवास यंदा पहिल्यांदाच मोडला — "पित्त झालंय गं." त्यांचं बाजूला बसणं आषाढापासून बंद. "बेचाळिसाव्या वर्षी सुटले एकदाची," म्हणतात.

६ ऑक्टोबर
मडक्याला भोक! नवी कुंभारीण उडाली, मला दिसलीसुद्धा नाही. आत्याबाईंना दाखवायला हाक मारली तर त्या चक्कर येऊन उंबऱ्यातच बसल्या. चेहरा पांढराफटक. उद्या डॉक्टरीणबाईंकडे नेणार. नाही म्हणाल्या तरी!

७ ऑक्टोबर
डॉक्टरीणबाई म्हणाल्या, चौथा महिना आहे. माझा नव्हे — आत्याबाईंचा!
रिक्षात त्यांनी पदर तोंडावर ओढला, माझा हात घट्ट धरला. "प्रीती, तुला तोंड कसं दाखवू गं?" मला रडू आलं, मग हसू आलं, मग दोन्ही. हात काही सोडला नाही.
घरी आल्यावर आधी परसात गेले. महिनाभर आम्ही सगळे माझ्याकडे बघत होतो. खिडकी कुणाची, हे कुणी बघितलंच नव्हतं!