सिक्स्टनच्या हातातली तार

३ नोव्हेंबर
सगळ्यात आधी टपकला तो शेजारच्या खोलीतला सिक्स्टन, दार न वाजवता! माझ्या पेट्याही उघडल्या नव्हत्या. म्हणाला, नॉर्शोपिंगच्या या वृद्धाश्रमात नवी बाई आली की आधी तिची कॉफी तपासतात. मेला द्वाड! आम्हा स्वीडिश बायकांच्या रीतीप्रमाणे मी कॉफीसोबत सातही तऱ्हांची बिस्किटं मांडली. सहा मांडली असती तर आईने थडग्यातून उठून कान धरला असता. त्याचा हात इतका थरथरतो की कपापेक्षा बशीतच जास्त कॉफी. शाळा माझी सहाच वर्षं, पण लिहायला मजा येते बाई.

५ नोव्हेंबर
प्रयोगशाळेतली इल्वा आली. गोड पोरगी. सिक्स्टनच्या मनगटात तिने निळसर गर टोचला. त्यात म्हणे वीज वाहणाऱ्या प्लास्टिकचे कण आणि विकर, म्हणजे एन्झाइम. विकर रक्तातली साखर खातं आणि कणाला कण जोडून मऊ तार विणतं, मी क्रोशाने जाळी विणते तशी! त्या तारेने थरथर थांबणार. दोन आठवडे गोड मात्र बंद, नाहीतर तार वाढतच जाईल. सिक्स्टन म्हणाला, मग जगू कशाला?

९ नोव्हेंबर
हात स्थिर! भरला कप उचलला, थेंब सांडला नाही. मी रडले, त्याने मला चिडवलं. आता अशा दिवशी पाहुण्याला नुसती कॉफी कशी द्यायची? सातही तऱ्हा खाल्ल्या त्याने. रोज येतो आता.

१२ नोव्हेंबर
इल्वाने विचारलं, गोड काही? सिक्स्टनने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, कणभरही नाही. पोरीचा विश्वास बसला. तार थांबवायचं औषध तिने पिशवीत परत ठेवलं. पुढच्या गुरुवारी येते म्हणाली. मी बिस्किटांच्या डब्याचं झाकण घट्ट लावलं.

१४ नोव्हेंबर
कातडीखाली तारेची निळी रेघ कोपरापर्यंत. सिक्स्टन म्हणतो, मायकेन, डबा मी उघडत नाही गं, हात उघडतो. हसला नाही.

१६ नोव्हेंबर
रेघ मानेवर. डबा कुलपात ठेवला. त्याने कपाटाची फळी फोडली — तो रडत होता, देऊ नकोस म्हणत होता, हात तोंडात बिस्किटं कोंबत होता — मी फोन उचलला. ठेवला. खोटं बोलले हे कोणत्या तोंडाने —

१८ नोव्हेंबर
उद्या इल्वा येईल. सगळं सांगेन. डबा फेकला.
सिक्स्टन समोरच्या खुर्चीत. डोळे मिटलेले.
हात तेवढा जागा. टेबलावरून येतोय — नाही रे, संपलं सगळं, बघ —
मनगटाशी थांबला. माझ्या. चाचपतोय.
साखर माझ्याही रक्तात आहे, हे त्याला —